पेनड्राइव्ह लावला, तरी मशीन उठेना

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं की माणसाला सगळंच करावं लागतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला, सीसीटीव्ही बंद पडला, लॅपटॉपवर चहा सांडला, सगळं एकाच टेबलावर येतं. त्यातलं सगळ्यात चिडवणारं काम म्हणजे पेनड्राइव्हवरून मशीन बूट न होणं. विंडोज मारायला बसावं, पेनड्राइव्ह लावावा आणि मशीननं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये. गिऱ्हाईक समोर स्टुलावर, त्याची आर्वीची गाडी सुटायला आलेली, आणि आपण एफ12 दाबत बसलेले.

हे काम करता करता जे हाती लागलं ते इथे मांडतो. आकडे सोयीसाठी घातलेत. अडचण याच क्रमानं येईल असं समजू नका.

1. आधी बघा, कुठं अडलं

"भाऊ, बूटच नाही होऊन राह्यलं" या एका वाक्यात किमान चार वेगवेगळ्या अडचणी असतात. एक, बूट मेनूत पेनड्राइव्हचं नावच येत नाही. दोन, नाव येतं, पण निवडलं की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा तोच मेनू समोर. तीन, विंडोजचा लोगो किंवा लिनक्सची यादी दिसते आणि गाडी तिथंच थांबते. चार, सगळं छान सुरू होतं, भाषा निवडून होते, आणि ऐन वेळी इन्स्टॉलर म्हणतो की डिस्कच सापडत नाही.

बटण दाबल्यावर आत काय घडतं ते माहीत असलं की या चारींचे रस्ते वेगळे दिसतात. सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो. आपण त्याला सवयीनं बायोस म्हणतो. तो रॅम तपासतो, जोडलेल्या वस्तू मोजतो, त्यातून सुरुवात करून देणारी फाइल शोधतो आणि तिच्या हाती कारभार देतो. ती फाइल मग विंडोजला किंवा लिनक्सला उठवते, आणि तिथून पुढे ज्याचे त्याचे ड्रायव्हर काम करतात. नावच दिसत नसेल तर पोर्ट, पेनड्राइव्ह किंवा बायोसची सेटिंग बघायची. नाव दिसून मेनू परत येत असेल तर पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीनं बनलाय किंवा सिक्युअर बूटनं अडवलाय. लोगोपाशी अडत असेल तर आयएसओ फाइल अर्धवट उतरलेली असते, नाहीतर रॅम खराब असते. लिनक्स असेल तर ग्राफिक्स कार्डाशी भांडण असतं. त्यासाठी मिंटच्या यादीत कंपॅटिबिलिटी मोड दिलेलाच आहे. डिस्क सापडत नसेल तर पेनड्राइव्ह निर्दोष, ड्रायव्हर बघा.

म्हणून कुणी फोनवर विचारलं तर मी आधी एवढंच म्हणतो: स्क्रीनवर काय लिहून आलंय त्याचा फोटो टाका. "काहीतरी इंग्रजीत येऊन राह्यलं" यावर इलाज करता येत नाही. त्या इंग्रजी ओळीतच अर्धं उत्तर असतं.

2. "फॉरमॅट मारून द्या" म्हणणाऱ्याला आधी बसवा

लोकांना वाटतं, फॉरमॅट म्हणजे सगळ्यावरचा इलाज. खरं म्हणजे तो शेवटचा इलाज आहे, आणि पुष्कळदा लागतही नाही.

एक गुरुजी लॅपटॉप घेऊन आले होते. नागपंचमी तोंडावर होती. 1942 च्या चले जाव आंदोलनात 16 ऑगस्टला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, गावाच्या आसपासची माणसं शहीद झाली. तो दिवस नागपंचमीचा होता. त्यामुळे आमच्याकडची नागपंचमी हुतात्म्यांच्या आठवणीचीही असते. गुरुजींनी शाळेतल्या मुलांना दाखवायला जुने फोटो आणि हुतात्म्यांची नावं जमवून स्लाइड केल्या होत्या. लॅपटॉप सुरू केला की ऑटोमॅटिक रिपेअर म्हणायचा, गोल फिरायचा आणि पुन्हा तिथंच यायचा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आता फॉरमॅटशिवाय पर्याय नाही.

मी लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरूनच मशीन चालू केलं. यात काही इन्स्टॉल होत नाही, डिस्कवर काही लिहिलंही जात नाही. सगळी यंत्रणा पेनड्राइव्हवरून रॅममध्ये येऊन चालते. फाइल मॅनेजर उघडला, विंडोजचा ड्राइव्ह डावीकडे दिसला, त्यावर क्लिक केलं. विंडोज अर्धवट झोपलेलं असल्यानं लिनक्सनं तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडला. आपल्याला वाचायचंच तर होतं. यूजर्स, मग गुरुजींचं नाव, मग डेस्कटॉप, आणि तिथे फोल्डर जसंच्या तसं.

"काहो भाऊ, मशीन तर बिघडलेलंच आहे, मग फाइल कशी दिसून राह्यली?"

डिस्क धड आहे गुरुजी, बिघडलं ते विंडोज. फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून दिल्या, गुरुजींनी तिथेच माझ्या मशीनवर एकेक स्लाइड उघडून बघितली, आणि मगच विंडोजला हात लावला.

डेटा काढताना फक्त डेस्कटॉप आणि डाउनलोड बघून थांबू नका. किराणावाल्याचा किंवा जिनिंगवाल्याचा टॅलीचा डेटा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, तो विचारून घ्यावा. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांचे फाँट आधी काढावेत. त्यांच्या जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फाँटांत असतात. फाँट गेले की "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी नुसती चिन्हांची जत्रा दिसते. ब्राउझरमधले पासवर्ड लोकांना पाठ नसतात, तेही आठवणीनं विचारावं. डिजिटल सहीचं टोकन मात्र वेगळी वस्तू असते. सही त्या टोकनातच राहते, फॉरमॅटनं तिला काही होत नाही.

3. बटणाची वेळ

बूट मेनूची बटणं प्रत्येक कंपनीची वेगळी. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ12. एचपीला एस्केप आणि मग एफ9. असूसच्या लॅपटॉपला एस्केप, पण त्यांच्याच डेस्कटॉप बोर्डाला एफ8. गिगाबाइटला एफ12, एमएसआयला एफ11. लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलला बाजूला टाचणीएवढं भोक असतं, त्यात पिन टोचली की मेनू येतो. एसरला एफ12 आहे, पण अनेक मॉडेलमध्ये ते आधी एफ2 दाबून बायोसमध्ये जाऊन सुरू करावं लागतं. ते माहीत नसलं की माणूस एफ12 दाबून दाबून कीबोर्ड खिळखिळा करतो.

बटण बरोबर असूनही मेनू येत नसेल तर दोष बहुधा फास्ट स्टार्टअपचा. विंडोज 8 पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद राहिलं नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून मशीन झोपतं आणि पुढच्या वेळी झटकन उठतं. त्या घाईत आपलं बटण हुकतं. अशा वेळी शटडाउन न करता रीस्टार्ट करावं. त्याहून सोपं म्हणजे शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक करायचं आणि आलेल्या निळ्या पानावर "यूज अ डिव्हाइस" निवडायचं, म्हणजे बटणाची कसरतच नको. अर्थात त्यासाठी विंडोज चालू होत असलं पाहिजे.

वायरलेस कीबोर्ड वापरणाऱ्यांनी या कामापुरता तरी वायरवाला लावावा. लॅपटॉपवर एफच्या ओळीत आवाज आणि उजेडाची चित्रं असतील तर एफएन धरून दाबून बघावं.

4. पेनड्राइव्हवर पहिला संशय

नवीन पोरं शिकायला येतात तेव्हा हमखास दिसणारी गोष्ट: आयएसओ फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट केलेली असते. फाइल तर आहे, मग बूट का नाही? कारण आयएसओ ही बंद पेटी आहे. तिच्यातला माल बाहेर काढून योग्य जागी मांडला तरच बायोसला दिसतो, आणि ते काम रुफस किंवा तत्सम सॉफ्टवेअर करतं. व्हेंटॉय हा याला अपवाद. 2020 मध्ये आलेल्या या फुकटच्या साधनानं माझं काम फार सोपं केलं. पेनड्राइव्ह एकदा व्हेंटॉयनं तयार केला की हव्या तेवढ्या आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या; बूट करताना यादी येते, त्यातून निवडायचं. विंडोज 10, विंडोज 11, मिंट, रॅम तपासायचं साधन, सगळं एकाच पेनड्राइव्हवर.

दुसरी गोष्ट डाउनलोडची. विंडोज 11 ची आयएसओ पाच जीबीच्या वर आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा डेटा संपतो, उरलेलं दुसऱ्या दिवशी चालू करतात, मध्ये कुठेतरी तुटतं. फाइल पूर्ण दिसते, पण आत तुकडा फाटलेला असतो. मग इन्स्टॉलेशन निम्म्यावर येऊन रडतं आणि लोक डिस्कला दोष देतात. आयएसओ देणारी मंडळी फाइलसोबत एक लांब ओळ देतात, एसएचए256 नावाची. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल आज्ञेनं आपल्या फाइलची तशी ओळ काढता येते. दोन्ही ओळी अक्षर न् अक्षर जुळल्या तर फाइल धड. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी पुन्हा उतरवा, वाद घालू नका.

तिसरी गोष्ट खोट्या पेनड्राइव्हची. आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन फार स्वस्तात मिळणारा मोठ्या क्षमतेचा पेनड्राइव्ह आतून बारकाच निघतो. त्यातल्या चिपला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. त्याच्यावर लिहिताना तक्रार येत नाही, वाचताना माल गायब असतो. एच2टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण पेनड्राइव्ह भरून पुन्हा वाचून बघतं आणि खरी क्षमता सांगतं. सीताबर्डीहून माल आणला की मी ही चाचणी केल्याशिवाय विकत नाही.

5. जुनी रीत, नवी रीत

अडचणींचं मूळ सगळ्यात जास्त वेळा इथं सापडतं, म्हणून थोडं सविस्तर.

मशीन सुरू होण्याच्या दोन रीती आहेत. जुनी बायोसची, तिला सेटिंगमध्ये लेगसी किंवा सीएसएम म्हणतात. तिच्यात मशीन डिस्कचा पहिला 512 बाइटचा तुकडा वाचतं आणि तिथं जे सापडेल ते चालवतं. या रीतीतल्या डिस्कची विभागणी एमबीआर पद्धतीची असते आणि ती 2 टीबीच्या पुढे जात नाही. नवी रीत यूईएफआयची. ती पहिला तुकडा बघतच नाही. ती पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचं फोल्डर शोधते, त्यात बूट नावाचं फोल्डर, आणि त्यात बूटएक्स64 नावाची फाइल. तिच्या डिस्कची विभागणी जीपीटी.

यातून एक सोपी तपासणी निघते. बनवलेला पेनड्राइव्ह चालू मशीनवर उघडा आणि ईएफआय फोल्डर आहे का बघा. नसेल तर नव्या लॅपटॉपवर तो चालणार नाही, कारण त्यांत लेगसीचा पर्यायच ठेवलेला नसतो. रुफस वापरताना विभागणीच्या जागी जीपीटी निवडलं की खाली आपोआप यूईएफआय येतं. जुन्या डेस्कटॉपसाठी एमबीआर निवडायचं. गिऱ्हाइकाचं मशीन कोणतं ते विचारल्याशिवाय पेनड्राइव्ह बनवूच नये.

आता एक गुंता. यूईएफआयला एफएटी32 पद्धतीचा पेनड्राइव्ह नक्की वाचता येतो, बाकीच्या पद्धतींची खात्री नाही. आणि एफएटी32 मध्ये 4 जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही. विंडोजच्या आयएसओतली इन्स्टॉल.विम ही मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. म्हणून हातानं कॉपी करणाऱ्यांचं काम त्या एका फाइलपाशी अडतं. रुफस यावर तोड काढतं: पेनड्राइव्ह एनटीएफएस करतं आणि शेवटी इवलासा दुसरा भाग ठेवतं, त्यातला प्रोग्रॅम यूईएफआयला एनटीएफएस वाचायला मदत करतो. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मीडिया क्रिएशन टूल तीच फाइल जास्त दाबून 4 जीबीच्या आत बसवतं.

मधल्या काळातल्या, म्हणजे साधारण 2012 ते 2019 च्या मशीनवर दोन्ही रीती असतात. तिथे बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसतं नाव, एकदा पुढे यूईएफआय लावून. चुकीचा निवडला की सगळं नीट चालतं आणि शेवटी इन्स्टॉलर सांगतो, या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, तिची विभागणी एमबीआर आहे. आणि इथे माझा खरा राग आहे. यूट्यूबवर शोधलं की डिस्कपार्ट उघडून क्लीन लिहा असा सल्ला पटकन मिळतो. क्लीन म्हणजे त्या डिस्कवरचे सी, डी, ई सगळे भाग एका झटक्यात पुसले. डी ड्राइव्हमधले मुलीच्या बारशाचे फोटो गेल्यावर लोक माझ्याकडे येतात. इलाज किती साधा होता बघा: मशीन पुन्हा सुरू करा आणि मेनूतलं दुसरं नाव निवडा. डिस्क नव्या रीतीत न्यायचीच असेल तर विंडोज 10 मध्ये एमबीआर2जीपीटी ही आज्ञा आहे, ती फाइली न पुसता विभागणी बदलते. तीही डेटा बाहेर काढल्यावरच चालवा.

6. सिक्युअर बूट बंद करण्याआधी की शोधा

सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा पहारा. ज्या बूट फाइलवर ओळखीची सही नाही तिला आत सोडत नाही. उबुंटू, मिंट, विंडोज यांच्यावर सही असते, त्यामुळे बहुतेक वेळा तो बंद करायची गरजच नसते. व्हेंटॉयला पहिल्या वेळी निळ्या पानावर आपली की नोंदवावी लागते, एवढंच. तरीही बंद करायची वेळ आलीच तर एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आधी सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो, तोवर तो पर्याय करडाच राहतो. काम झालं की तो पासवर्ड काढून टाका. तसाच ठेवून विसरणाऱ्यांची मशीन उघडायला मग फार खटाटोप होतो.

पण त्याहून मोठी गोष्ट बिटलॉकरची. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. रोज मशीन मुकाट्यानं उघडतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट बदललं की पुढच्या वेळी निळी स्क्रीन येते आणि 48 आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा गेला. नागपूर-पुण्याचा मोठा तज्ज्ञ आणला तरी उघडत नाही. कुलूप त्यासाठीच आहे. बायोसला हात लावण्याआधी मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आहे का ते त्याच्याच मोबाइलवर बघावं. मी हा नियम कुणासाठीही मोडत नाही, घाई असली तरी.

सह्यांचीही मुदत असते. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्या पुष्कळांना सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असा संदेश येऊन लिनक्स उघडेना. लिनक्सच्या जुन्या बूट फाइली त्या अपडेटनं नाकारल्या होत्या. जुना लिनक्स पेनड्राइव्हही तसाच नाकारला जातो, त्याला तोडगा म्हणजे नवी आयएसओ. सिक्युअर बूटची 2011 मधली मूळ प्रमाणपत्रं जून 2026 पासून मुदत संपायला लागतात. मशीन त्यामुळे बंद पडणार नाही, पण नव्या प्रमाणपत्रांसाठी विंडोज आणि बायोसचे अपडेट घेतलेले बरे.

7. पोर्ट

डेस्कटॉपचा पेनड्राइव्ह मागे लावा. पुढच्या पोर्टाची वायर कॅबिनेटमधून लोंबत येते, कुठे सैल, कुठे गंजलेली. हब तर नकोच. विंडोज 7 टाकायचं असेल, आणि अजून टाकावं लागतं, तर काळं, यूएसबी 2 चं पोर्ट शोधा. त्या काळच्या इन्स्टॉलरला निळं पोर्ट ओळखता येत नाही. तो सुरू होतो आणि मग सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर नाही म्हणून अडून बसतो.

8. सेल

रोज वेळ चुकते, बूटचा क्रम रोज आपोआप बदलतो, सुरू करताना एफ1 दाबा म्हणतं. बोर्डावरचा सीआर2032 सेल बदला. तो 3 व्होल्टचा असतो, उतरला की बायोस सगळं विसरतो. तारीख मागे गेल्यानं बँकेच्या आणि सरकारी वेबसाइटही उघडत नाहीत, आणि लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देतात.

9. डिस्क आहे, पण दिसत नाही

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते. डिस्क तिच्या आड लपलेली असते. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो, म्हणून यादी रिकामी दिसते. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, "एसएसडी गेली, नवी टाका." एसएसडी धडधाकट असते. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्यायचा, तो मोकळा करून पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि इन्स्टॉलरमध्ये लोड ड्रायव्हर म्हणायचं. लगेच डिस्क दिसते.

बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण आतलं जुनं विंडोज ठेवायचं असेल तर तसं करू नका. ते उठणार नाही, निळी स्क्रीन दाखवेल. एसएसडी बदलायला सांगणाऱ्या दुकानदाराला आधी एवढंच विचारा, "व्हीएमडी बघितलं का जी?"

10. लाइनचा भरवसा नाही तर बायोसला हात नाही

उन्हाळ्यात दुपारी आणि पावसाळ्यात कधीही लाइट जाते. विंडोज टाकताना गेली तर पुन्हा टाकता येतं. बायोस अपडेट करताना गेली तर मशीन बहुधा पुन्हा उठत नाही. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून आणि चार्जर लावून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच.

11. म्हाताऱ्या मशीनचं काय करायचं

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर आहेत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा, आणि किमान 4 जीबी रॅम. रुफसनं यातल्या काही अटी वगळता येतात, पण सगळ्या नाही. 24एच2 पासूनच्या विंडोज 11 ला प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची सोय हवीच असते. कोअर 2 ड्युओच्या मशीनमध्ये ती नाही, त्यामुळे त्यावर पेनड्राइव्ह कितीही नीट बनवा, विंडोज उठणारच नाही. तो वेळ वाचवा.

अशा मशीनला मी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवतो. प्रोसेसर 64 बिटचा हवा आणि किमान 2 जीबी रॅम. अभ्यास, यूट्यूब, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, एवढ्याला भरपूर होतं. शिकायला मराठीतूनही साधनं आहेत. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. सरकारी पातळीवर सी-डॅकनं बॉस नावाचं भारतीय लिनक्स बनवलंय, तेही पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं.

मात्र सेवा केंद्रवाल्याला मी लिनक्स देत नाही. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतं, डिजिटल सहीच्या टोकनाचीही तीच रड. जूनमध्ये दाखल्यांची रांग, जुलैत पीक विम्याची गर्दी. त्या दिवसांत मशीन बंद म्हणजे बाहेर उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा दिवस बुडाला. आवडनिवड तिथे बाजूला ठेवावी.

12. पेनड्राइव्ह आधीच तयार ठेवा

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट जगभर गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळी स्क्रीन दाखवत बसली. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जी मशीन आपोआप सावरली नाहीत त्यांच्यापाशी माणसानं जाऊन बसणं भाग पडलं, आणि मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी जे साधन दिलं ते होतं बूट होणारा यूएसबी पेनड्राइव्ह. त्यातही ज्यांच्याकडे बिटलॉकरची की लिहून ठेवलेली नव्हती त्यांचे हाल झाले. एवढ्या मोठ्या कंपन्या आणि आमच्या गल्लीतलं सेवा केंद्र, अडले ते एकाच जागी.

मशीन बंद पडल्यावर पेनड्राइव्ह बनवायला दुसरं मशीन शोधावं लागतं, आणि रात्री नऊनंतर आष्टीत ते कुठे मिळणार? मशीन धड असतानाच पेनड्राइव्ह करा, एकदा त्यावरून बूट करून बघा आणि त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. गाणी भरायला तो कुणाला देऊ नका.

13. तयार, फुकटचा, आधीच अॅक्टिव्हेट केलेला

हा प्रकार टेलिग्रामवरून येतो. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं भरलेली आयएसओ, की टाकायची गरज नाही, अँटिव्हायरस आधीच बंद केलेला. बूट मात्र पहिल्या झटक्यात होतो, म्हणून लोकांना आवडतो. आत कुणी काय ठेवलंय ते ठेवणाऱ्यालाच माहीत. विंडोजची मूळ आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर उतरवायला पैसे लागत नाहीत. लायसन्सचे लागतात, आणि बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपचं लायसन्स बोर्डातच असतं, ते आपोआप लागतं.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांना म्हणून हात जोडून सांगणं आहे. तुमच्या मशीनवर गावाचे आधार आहेत, बँक पासबुकं आहेत, सातबारे आहेत, अंगठे आहेत. पेनड्राइव्ह बनवता येत नसेल तर दुकानात या, बसून शिकवतो. पण असला तयार पेनड्राइव्ह त्या मशीनला लावू नका.